क्रूझर गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवताना: विदर्भातल्या उन्हात टिकेल असे काम

‘गाडी चालते, पण ओढत नाही’ ही तक्रार घेऊन क्रूझर गाड्या गॅरेजमध्ये येतात, आणि बहुतेक वेळा त्यावर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि जाळीचा फिल्टर हाच उपाय सुचवला जातो. आवाज वाढतो, पेट्रोल जास्त लागते, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात डबलसीट गाडी पूर्वीसारखीच दुसऱ्या गिअरवर येते. या लेखात ताकद वाढवण्याच्या कामाचा क्रम दिला आहे. उदाहरणासाठी मी रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५० आणि थंडरबर्ड ३५० या गाड्यांमधले ३४६ सीसीचे, कार्बोरेटरवर चालणारे इंजिन घेतले आहे, कारण सेकंडहँड बाजारातून या गाड्या खेड्यापाड्यांत मोठ्या प्रमाणात आल्या आहेत आणि त्यांचे बहुतेक काम तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते.

आधी इंजिनाचे गणित समजून घेतले पाहिजे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी असून कंपनीच्या आकड्यांनुसार ते ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेऱ्यांना) २८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि ५२५० आरपीएमला १९.८ बीएचपी, म्हणजे सुमारे १४.८ किलोवॅट ताकद देते. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. याच सूत्राने उलट हिशेब केला तर ५२५० आरपीएमलाही टॉर्क जवळजवळ २७ न्यूटन-मीटर राहतो, आणि ४००० आरपीएमला ताकद पावणेबारा किलोवॅटच्या आसपास असते. बियाण्याची बॅग आणि मागे एक माणूस घेऊन चढणारी गाडी जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमवर क्वचितच जाते. तिचा वावर २५०० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यात असतो, म्हणून कोणताही बदल याच पट्ट्यात काय देतो आणि काय हिरावून घेतो हे पाहूनच तो करावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते, त्यामुळे इंजिनात ऑक्सिजनच कमी जातो. त्याच वेळी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही घटते. फिन्सचे (सिलिंडरवरच्या थंडावा देणाऱ्या पट्ट्यांचे) तापमान १८० अंश धरले, तर हिवाळ्यात फिन्स आणि हवा यांत १७० अंशांचा फरक असतो आणि मे महिन्यात तो १३५ वर येतो, म्हणजे थंडावा सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. कोकणात किंवा पुण्यात व्यवस्थित चालणारे एखादे ट्यूनिंग ब्रह्मपुरी, चंद्रपूर किंवा अकोल्याच्या उन्हाळ्यात पिस्टन का जाम करते, याचे कारण बहुतेक वेळा या फरकात सापडते. आपल्याकडे ताकदीची खरी मर्यादा इंजिन किती उष्णता बाहेर टाकू शकते ही आहे.

कायद्याची बाजू खर्च करण्याआधीच तपासावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, तर आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येतो तो वेगळाच. त्यामुळे पुढे जे काम सुचवले आहे ते बहुतांशी मूळ भागांच्या आणि मूळ क्षमतेच्या चौकटीतले आहे. ८४ मिमी बोअरचे ५०० सीसीचे सिलिंडर आणि हेड बसवून ३४६ ची गाडी ४९९ ची करणारे कारागीर भेटतील, पण ती कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी गाडी होते, म्हणून मी तिची पद्धत येथे देत नाही.

पहिली पायरी: मोजमाप

डायनो, म्हणजे ताकद मोजण्याचे यंत्र, नसतानाही उपयोगी मोजमाप करता येते. रहदारी नसलेला, सपाट, सरळ रस्त्याचा तुकडा निवडावा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने तो विचार सोडून द्यावा; गावाजवळचा सकाळचा रिकामा राज्यमार्ग पुरतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावरून थ्रॉटल पूर्ण उघडून ७० पर्यंत जाण्यास लागणारा वेळ मोजावा. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढावी, आणि तापमान, टायरमधली हवा व गाडीवरचे वजन हे तिन्ही वहीत लिहून ठेवावे. पाहण्याचे काम मागे बसलेल्याने मोबाइलवर चित्रीकरण करून केले तर चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर राहते. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी त्याच वजनाने आणि जवळजवळ त्याच तापमानात घ्यावी. जानेवारीतला आकडा एप्रिलच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर बदलाचा परिणाम कोणता आणि हवेचा कोणता हे कळणार नाही.

दुसरी पायरी: हरवलेली ताकद परत मिळवणे

पाच-सात वर्षे पांदणीने चाललेल्या गाडीत मूळची ताकदच शिल्लक नसते, आणि तिच्यावर नवे सामान चढवणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणे होय. दोन्ही चाके उचलून हाताने फिरवावीत. ब्रेक घासत असेल किंवा बेअरिंग घुर्र करत असेल तर तिथेच काही ताकद जाते. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, साधारणतः २५ ते ३० मिमी ठेवावा. क्लच केबलला थोडी ढील असलीच पाहिजे, नाहीतर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही.

यानंतर फिन्स. काळ्या मातीचा चिखल फिन्सच्या मधल्या फटीत वाळून बसला की तो उष्णता अडवतो, आणि जिनिंगच्या परिसरात त्यावर कापसाचे तंतूही चिकटतात. लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने हा थर पूर्ण काढावा. हे काम फुकटचे आहे म्हणून कोणी करत नाही, पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी उन्हाळ्यात याहून मोलाचे दुसरे काम नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासावे. गरम इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेजवर आकडा घ्यावा, आणि नंतर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्यावा. दुसऱ्यांदा आकडा लक्षणीय वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजले आहे, आणि फारसा बदलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत असे धरावे. कॅमवर डीकॉम्प्रेसर (किक हलकी करण्यासाठी दाब सोडणारी व्यवस्था) असलेल्या इंजिनात किकवर आकडा मुळातच कमी दिसतो, त्यामुळे नुसता आकडा न पाहता दोन आकड्यांमधला फरक पाहावा. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने अंतर आपोआप सांभाळणारे) असल्याने टॅपेटचे अंतर लावण्याचा प्रश्न येत नाही, मात्र त्यांच्यासाठी ऑइल स्वच्छ आणि योग्य जाडीचे, म्हणजे १५डब्ल्यू५० आणि जासो एमए (ओल्या क्लचसाठीच्या) प्रतीचे असणे आवश्यक आहे. कारचे ऑइल ओल्या क्लचसाठी नसते, हे स्वस्त डबा घेताना लक्षात ठेवावे.

प्लग दोन्ही बदलावेत, कारण या हेडला दोन प्लग आहेत आणि त्यातला एक वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. पर्यायी कंपनीचा प्लग घेताना एक गफलत होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड प्रतीचा होतो, तर बॉशमध्ये आकडा वाढला की तो गरम प्रतीचा होतो. दुकानदाराने ‘एक नंबर वरचा’ दिला म्हणजे काय दिले, हे विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: स्प्रॉकेट

ओढण्याची तक्रार असेल तर सर्वांत कमी खर्चात, इंजिनाला हात न लावता, खात्रीचा फरक देणारा बदल पुढच्या स्प्रॉकेटचा आहे. आपल्या गाडीचे दात मोजावेत. समजा पुढे १८ आणि मागे ३८ दात आहेत, गुणोत्तर २.११ आले. पुढे १७ दातांचे स्प्रॉकेट लावले की ते २.२४ होते, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावरचा जोर सुमारे ६ टक्के वाढतो. पूर्वी ज्या आरपीएमला ८० चा वेग होता तिथे आता साडेपंच्याहत्तर मिळेल, ही त्याची किंमत आहे. रोजचा रस्ता पांदण, घाट आणि गावातला असेल तर हा सौदा फायद्याचा आहे; बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ अशा चौपदरी रस्त्यावर तासन्‌तास चालणाऱ्याने तो करू नये, कारण वाढलेल्या आरपीएमबरोबर उष्णताही वाढते. जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट बसवले तर दोन्ही लवकर खराब होतात, म्हणून हा बदल चेनसेट बदलण्याच्या वेळीच करावा. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर त्याच्या आकड्यावर परिणाम होत नाही.

चौथी पायरी: मिश्रण

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या कार्बोरेटरचे जेट (इंधन मोजून सोडणारी छिद्रे) त्या मिश्रणासाठी ठरलेले नाहीत. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९ भाग पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेरा भागांवर येतो. म्हणजे जुन्या जेटवर चालणारी गाडी सुमारे ८ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. हिवाळ्यात चोक जास्त वेळ लागणे, थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट होणे, एक्झॉस्टचा पाइप निळसर पडणे आणि प्लगची चिनी माती पांढरीफटक दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. लीन इंजिन गरम चालते आणि कमी ओढते, त्यामुळे आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ अनेकदा येथेच असते.

कार्बोरेटर उघडल्यावर प्रथम आतला रबरी डायफ्रॅम उजेडात धरून पाहावा. या प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड व्हॅक्यूमवर उचलली जाते, आणि डायफ्रॅमला टाचणीएवढे छिद्र असले तरी ती पूर्ण उघडत नाही. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी जोडाला चिरा असतील तर तो बदलावा. मग मेन जेटवरचा आकडा वाचावा. तो व्यासाचा आकडा असेल तर इंधन ८ टक्के वाढवण्यासाठी व्यास ४ टक्के वाढला की पुरतो, कारण प्रवाह क्षेत्रफळावर अवलंबून असतो. १०० चे जेट असेल तर १०५ च्या पुढे जाण्याचे काही कारण नाही. एका वेळी एकच टप्पा वाढवावा, आणि मधल्या थ्रॉटलला गाडी अजून अडखळत असेल तर सुईखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घालून सुई उचलावी. तारेने जेट मोठे करण्याची पद्धत सोडून द्यावी; छिद्र वेडेवाकडे होते आणि मागे फिरता येत नाही.

जेट कोणत्या महिन्यात ठरवायचे, हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. मे महिन्याच्या विरळ हवेत बरोबर वाटणारे जेट डिसेंबरच्या दाट हवेत लीन पडते, म्हणून ते डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ठरवावे आणि उन्हाळ्यात किंचित रिच (पेट्रोल जास्त) चालू द्यावे. थोड्या जादा पेट्रोलने ॲव्हरेज जरा कमी होईल, पण इंजिन थंड राहील. चिखलदऱ्यासारख्या, सुमारे १,१०० मीटर उंचीच्या ठिकाणी गाडी भारी वाटली म्हणून तिथे जेट लहान करू नये. खाली उतरल्यावर तेच जेट घातक ठरेल. पावसाळ्यात इथेनॉल हवेतली ओल ओढते, तेव्हा फ्लोट बाउलचा स्क्रू उघडून तळाचे पाणी अधूनमधून काढावे आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये.

पाचवी पायरी: हवा आणि धूर

जाळीच्या किंवा उघड्या फिल्टरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: वावराच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीला तो लावू नये. या इंजिनाला ५००० आरपीएमलाही मूळ पेपर फिल्टर स्वच्छ असेल तर फारसा अडसर होत नाही, उलट रस्त्याच्या मुरमाची बारीक धूळ आणि वणी-घुग्घुसकडची कोळशाची भुकटी आत गेली की रिंग झिजतात आणि मिळवलेली ताकद एका हंगामात निघून जाते. मूळ फिल्टर पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावा आणि एअरबॉक्सच्या झाकणाचे रबर नीट बसवावे. सायलेन्सरही मूळ ठेवावा. आतला अडथळा काढल्याने वरच्या आरपीएमला थोडे मिळते, पण खालचा टॉर्क घटतो, मिश्रण आणखी लीन होते आणि गाव झोपेतून उठते. कर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या अनेक शहरांतून आल्या आहेत, तो खर्चही हिशेबात धरावा.

सहावी पायरी: हेड उघडणे

आधीच्या पायऱ्यांनंतरही मोजलेला वेळ समाधानकारक नसेल किंवा कॉम्प्रेशन कमी असेल तरच हेड उतरवावे. पिस्टनच्या डोक्यावरचा आणि हेडच्या आतला कार्बन प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने काढावा. हा थर तापून लाल होतो आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो. व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलत नाहीत याची खात्री करून आधी जाड, मग बारीक पेस्टने ते घासावेत, आणि सीटवर सलग राखाडी पट्टा दिसेपर्यंत थांबू नये. स्प्रिंगा बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतावे. काही मिनिटे आत थेंबही झिरपला नाही तर बसवणी योग्य आहे.

पोर्टच्या बाबतीत फक्त एकच काम करावे: रबरी जोड, पॅकिंग आणि हेडचे तोंड एका रेषेत आणावे आणि ओतकामाची उंच कडा घासून काढावी. आरशासारखा गुळगुळीत इनलेट पोर्ट दिसायला छान असतो, पण लहान पोर्टमधून वेगाने जाणारी हवाच या इंजिनाचा खालचा टॉर्क टिकवते. पोर्ट मोठा केला की वेग मरतो.

बोअर आणि कॉम्प्रेशनविषयीचे दोन समज आकड्यांनी तपासू. ‘बोअर केली की ताकद वाढते’ असे लेथवर ऐकायला मिळते. अर्ध्या मिमीचा ओव्हरसाइज पिस्टन घातला तर ३४६ चे ३५१ सीसी होतात, म्हणजे वाढ दीड टक्क्याचीही नाही. बोअर केल्यानंतर गाडी ओढू लागते ती नव्या रिंगांमुळे आणि गोल सिलिंडरमुळे. तेव्हा झीज असेल तर बोअर अवश्य करावी, झीज नसताना करू नये. दुसरा समज हेड किंवा ब्लॉक घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा आहे. मूळ ८.५ चे गुणोत्तर ९.५ वर नेले तर सिद्धांताने मिळणारी वाढ सुमारे ३ टक्के आहे, आणि त्यासाठी दहनकक्षातून जवळजवळ साडेपाच सीसी कमी करावे लागतात. ब्लॉक अर्धा मिमी घासला तरी गुणोत्तर ८.८ च्या आसपासच पोचते. त्यात पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) मात्र तितकेच लांब पडतात, हायड्रॉलिक टॅपेटवरचा दाब बदलतो, आणि तो मर्यादेबाहेर गेला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. ४५ अंशांत डबलसीट चालणाऱ्या गाडीसाठी या ३ टक्क्यांची जोखीम घेण्यासारखी नाही.

कॅम बदलण्याबद्दलही हेच. जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम ताकद वरच्या आरपीएमकडे नेतो. ५२५० ऐवजी ६५०० आरपीएमला इंजिन फिरवले तर पिस्टनवरचा झटक्याचा जोर दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० मिमी स्ट्रोकचा क्रँक त्यासाठी बनवलेला नाही.

सातवी पायरी: जोडणी आणि पहिले पाचशे किलोमीटर

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने तोंडाचे अंतर मोजावे. व्यासाच्या प्रत्येक २५ मिमीमागे ०.१ मिमी या ढोबळ नियमाने ७० मिमीला सुमारे ०.२८ ते ०.३० मिमी येते; पुस्तकात आकडा असेल तर तोच अंतिम. अंतर कमी ठेवले तर उन्हाळ्यात रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर खरवडले जाते. पिस्टन आणि सिलिंडर मायक्रोमीटरने मोजून देणारा लेथ तालुक्यात नसेल तर नागपूर किंवा अमरावतीपर्यंत जावे, अंदाजाने काम करून घेऊ नये. हेड पॅकिंग नवेच वापरावे आणि बोल्ट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने कसावेत.

नव्या रिंगांचे इंजिन पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगावर चालवू नये आणि अगदी हळूही चालवू नये. थ्रॉटल अर्ध्यापर्यंत उघडून आणि पुन्हा सोडून वेग बदलत ठेवावा, म्हणजे रिंगा सिलिंडरवर बसतात. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलून पहिल्या पायरीतली चाचणी घ्यावी. क्लच घसरत नाही आणि मागचा टायर व ब्रेक सुस्थितीत आहेत हेही याच वेळी पाहावे.

इंधन इंजेक्शनच्या गाड्या

२०२० पासून आलेल्या मेटिऑर ३५० आणि त्यानंतरच्या नव्या क्लासिकमध्ये ३४९ सीसीचे, ७२ बाय ८५.८ मिमीचे वेगळे इंजिन आहे. त्यात मिश्रण ऑक्सिजन सेन्सर सांभाळतो, त्यामुळे इथेनॉलचा फरक साध्या चालण्यात तो स्वतःच भरून काढतो आणि चौथी पायरी लागू होत नाही. वॉरंटी असेपर्यंत फिल्टर, फिन्स, चेन आणि फार तर स्प्रॉकेट एवढ्यावरच थांबावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे कायद्याने आणि पीयूसीच्या दृष्टीनेही अडचणीचे आहे. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० चे इंजिन ६७ मिमी बोअर आणि ६२.४ मिमी स्ट्रोकचे असून जास्त आरपीएमला ताकद देते. त्यात स्प्रॉकेटचा आणि ऑइल कूलरची जाळी स्वच्छ ठेवण्याचा फरक सर्वांत आधी जाणवतो.

उन्हाळ्यातली शेवटची तपासणी

हिवाळ्यात केलेले काम एप्रिल-मेमध्ये तपासल्याशिवाय पूर्ण धरू नये. दुपारी, नेहमीच्या ओझ्यासह, लांब चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये २५०० आरपीएमच्या आसपास ठेवून थ्रॉटल उघडावा आणि कान द्यावा. खडखड असा बारीक धातूचा आवाज आला तर ते नॉकिंग आहे. तत्काळ खालचा गिअर घ्यावा, आणि घरी परतल्यावर क्रमाने कार्बन, प्लगची प्रत आणि मेन जेट तपासावे. डिपस्टिकच्या जागी बसणारा तापमापक मिळाला तर तो वापरावा, आणि ऑइल १३० अंशांच्या वर जात असेल तर ऑइल बदलण्याचे अंतर निम्म्यावर आणावे किंवा दुपारचा प्रवास सकाळवर ढकलावा.